पालिकेचा तरण तलाव तोट्यात आहे: बंद करावा, फी वाढवावी की ठेक्याने द्यावा?

आपल्या नगरपरिषदेच्या क्रीडा संकुलात २५ मीटर लांबीचा उघडा तरण तलाव, दोन बॅडमिंटन कोर्टांचा हॉल, एक व्यायामशाळा आणि वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. फीच्या जमेतून निम्मा खर्चही निघत नाही, लेखापरीक्षणात दरवर्षी त्यावर आक्षेप येतो, आणि आता सभेपुढे तीन प्रस्ताव आहेत: तलाव बंद करणे, फी दुप्पट करणे, किंवा संपूर्ण संकुल तीस वर्षांच्या कराराने खासगी संस्थेकडे देणे. यांपैकी कोणता प्रस्ताव स्वीकारावा, असे आपण विचारले आहे. माझी नोकरी पालिकांच्या विद्युत आणि पाणीपुरवठा विभागांत झाली आणि त्यातली बरीच वर्षे तलावांची पंपघरे आणि संकुलांच्या नस्त्या (फाइली) सांभाळण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की आज यांपैकी एकही निर्णय घेण्याजोगी माहिती सभेपुढे नाही, कारण तोटा किती आहे हे सर्वांना ठाऊक असले तरी तो कशाकशाचा आहे हे कोणी मोजलेले दिसत नाही.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ असो किंवा महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम असो, दोन्हींत कर्तव्यांचे आवश्यक आणि ऐच्छिक असे दोन भाग आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती ही आवश्यक बाजूला आणि तलाव, व्यायामशाळा, मैदाने ही बहुतांशी ऐच्छिक बाजूला येतात. त्यामुळे पैसा कमी पडला की पहिली कात्री इथेच लागते. पण ऐच्छिक याचा अर्थ ‘नफा झाला तरच करायचे’ असा होत नाही. सार्वजनिक बागेला कोणी वर्षाची जमा विचारत नाही. तलावाला विचारतात, कारण तिथे पावती पुस्तक असते. काही तोटा सोसायचाच आहे हे एकदा मान्य केले की प्रश्न एवढाच उरतो की त्यातला किती आपण समजून सोसत आहोत आणि किती नुसताच गळत आहे. हे दोन तोटे वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

ते वेगळे दिसत नाहीत याला आपली हिशेबाची पद्धत कारणीभूत आहे. तलावाचे वीजबिल विद्युत विभागाच्या शीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातून, जाते, क्लोरीन आणि तुरटी पाणीपुरवठ्याच्या भांडारातून येते, कायम शिपायाचा पगार आस्थापनेत पडतो, जीवरक्षकांचे देयक क्रीडा शीर्षातून निघते, आणि पाण्याचे तर बिलच निघत नाही, कारण पाणी पालिकेचे आणि तलावही पालिकेचा. दुहेरी नोंद पद्धती आल्यापासून घसारा वहीत धरला जातो, पण फिल्टरमधली वाळू बदलायची वेळ आली की त्यासाठी बाजूला काढलेला एक रुपयाही कुठे सापडत नाही. म्हणून पहिले काम लेखापालांचे आहे. संकुलाचा गेल्या बारा महिन्यांचा सगळा खर्च, ज्या ज्या शीर्षात विखुरला असेल तिथून वेचून, एका कागदावर आणावा. पाण्याला पालिकेचाच बिगरघरगुती दर लावावा. आणि हा खर्च तलाव, हॉल, व्यायामशाळा व अभ्यासिका असा चार रकान्यांत विभागावा. बहुतेक ठिकाणी असे आढळते की अभ्यासिका आणि बॅडमिंटन आपापला खर्च भागवतात, व्यायामशाळा कशीबशी तरते आणि सगळा भार एकट्या तलावाचा असतो.

आता तलावाकडे येतो, आणि इथे थोडे तपशिलात जाणे भाग आहे. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टाकीत सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. पृष्ठभाग ३१२ चौरस मीटरचा असल्यामुळे पातळी एक मिलिमीटर उतरली की ३१२ लिटर पाणी गेले असे समजावे. कडक उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर अडीच हजार लिटर होतात, आणि त्याला इलाज नाही. पण मी असे तलाव पाहिले आहेत की ज्यांची पातळी दिवसाला तीन सेंटीमीटर उतरत असे आणि कर्मचारी निर्धास्तपणे सांगत की ऊन फार आहे, साहेब. तीन सेंटीमीटर म्हणजे नऊ हजार लिटरांच्या वर, जवळजवळ रोजचा एक टँकर. गावात दिवसाआड पाणी येत असताना पालिकेच्याच तलावातून रोज टँकरभर पाणी जमिनीत जिरत असेल, तर तो नुसता खर्चाचा प्रश्न राहत नाही.

गळती आहे की नाही हे ओळखायला सल्लागार लागत नाही, एक बादली पुरते. तलावाच्या पायरीवर, अर्धी पाण्यात बुडेल अशी बादली ठेवावी, ती तरंगू नये म्हणून तळाशी दगड घालावा आणि तिच्यात तलावाच्या पातळीइतकेच पाणी भरावे. आत आणि बाहेर रंगीत खडूने खुणा करून तलावात नवे पाणी सोडणे चोवीस तास थांबवावे. बॅचही त्या दिवशी बंद ठेवावी, म्हणजे उडालेल्या पाण्याचा वाद नको. ऊन आणि वारा दोन्हींना सारखेच लागतात, म्हणून बादलीतले पाणी आठ मिलिमीटर आणि तलावाचे तीस मिलिमीटर उतरले असेल, तर मधले बावीस मिलिमीटर गळतीचे आहेत. हाच प्रयोग एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करावा. पंप चालू असताना पातळी अधिक उतरत असेल तर दोष दाबाखालच्या नळांत आहे आणि तो तुलनेने स्वस्तात निघतो. दोन्ही वेळा सारखीच उतरत असेल तर टाकीच्या सांध्यांकडे किंवा दिव्यांच्या खोबणीकडे पाहावे. बॅकवॉशची, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टरची वाळू धुण्याची, झडप नीट न बसल्यामुळे पाणी गुपचूप गटारात जात असल्याचेही मी पाहिले आहे. शे-दोनशे रुपयांच्या रबरी पट्टीने ते थांबले.

पाण्याखालोखाल वीज. आपल्याकडे तलाव तापवावा लागत नाही, ही देवाचीच कृपा म्हणावी लागेल. इंग्लंडमध्ये २०२२ च्या इंधन दरवाढीनंतर स्थानिक तलाव इतके अडचणीत आले की मार्च २०२३ मध्ये तिथल्या सरकारला त्यांच्यासाठी ६ कोटी ३० लाख पौंडांहून अधिक निधी जाहीर करावा लागला. आपला खर्च गाळणीच्या पंपाचा. वर सांगितलेल्या आकाराच्या तलावाचे सगळे पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवे असेल तर साधारण साडेसात अश्वशक्तीची मोटर लागते आणि ती वीस तास चालली तर दिवसाला शंभर ते एकशे दहा युनिट घेते. इथे भौतिकशास्त्राचा एक नियम आपल्या बाजूने आहे. पंपाचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला की त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दिवसा बॅच चालू असताना पूर्ण वेग आणि रात्री कोणी पाण्यात नसताना कमी वेग, एवढे करणारे व्हीएफडी यंत्र बसवले तर त्याची किंमत वीजबिलातून वसूल होते. मात्र बॅकवॉश नेहमी पूर्ण वेगानेच करावा, नाहीतर वाळू मोकळी होत नाही आणि महिन्याभरात पाणी हिरवट दिसू लागते.

वीजबिल हातात घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. एक, दर कोणत्या वर्गवारीचा लागला आहे; उद्घाटनाच्या घाईत वाणिज्यिक म्हणून घेतलेली जोडणी वर्षानुवर्षे तशीच राहिलेली असते आणि सार्वजनिक सेवेच्या वर्गवारीसाठी कोणी अर्जच केलेला नसतो. दोन, करारित मागणी, म्हणजे वीज कंपनीकडे आपल्यासाठी राखून ठेवलेली क्षमता. बांधकामाच्या वेळी दिव्यांचा आणि मोटरींचा सगळा भार एकत्र धरून ५० केव्हीए घेतलेली असेल आणि प्रत्यक्ष मागणी कधी ३० च्या पुढे गेली नसेल, तर न वापरलेल्या क्षमतेचाही स्थिर आकार भरला जात असण्याची शक्यता आहे, तलाव बंद असतानाही. तीन, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते याचे प्रमाण. तो सुधारणारा कपॅसिटर जळलेला असतो आणि पॅनलचे दार दोन-दोन वर्षे उघडलेले नसते. या तिन्ही दुरुस्त्यांना फारसे भांडवल लागत नाही, अर्ज आणि पाठपुरावा लागतो.

रसायनांबद्दल एवढेच की सोडियम हायपोक्लोराइटचे कॅन उन्हात ठेवले तर त्यातला क्लोरीन वापरण्यापूर्वीच उडून जातो, आणि उघड्या तलावात सकाळी दहाला टाकलेली मात्रा दुपारच्या उन्हातच संपते. मुख्य मात्रा संध्याकाळची बॅच संपल्यावर द्यावी, आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा, कारण तो वर गेला की तेवढाच क्लोरीन निम्मेही काम करत नाही. ही गोष्ट साधी आहे, पण जिथे पीएच रोज लिहिला जातो तिथे क्लोरीनची खरेदी कमी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

हा झाला गळणारा तोटा. दुसरा तोटा रिकाम्या तासांचा असतो, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे मूळ तिथे आहे. तलावाचा खर्च माणसांवर अवलंबून नसतो, तासांवर असतो. पाण्यात पाच जण असोत की पन्नास, जीवरक्षक दोनच लागतात, पंप तेवढाच चालतो आणि ऊन तेवढेच पाणी नेते. बहुतेक पालिकांत तलाव सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते आठ चालतो. मधले सहा तास फाटकाला कुलूप असते, पण पाणी शुद्ध करण्याचे काम चालूच असते. शिवाय एप्रिल-मेमध्ये नावनोंदणीला रांग लागते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू झाल्या की बॅचमध्ये दहा मुलेही राहत नाहीत. म्हणजे विकायला आठ तास ठेवलेले आहेत, त्यातले चार भरतात, आणि त्या चारांवर चोवीस तासांचा खर्च पडतो. म्हणून फीच्या प्रस्तावाआधी एक साधी नोंदवही सुरू करावी. प्रत्येक बॅचला किती जण प्रत्यक्ष पाण्यात उतरले, हे जीवरक्षकाने रोज लिहावे. पास किती विकले गेले हा आकडा इथे कामाचा नाही. सहा आठवड्यांत चित्र स्पष्ट होते.

रिकामे तास भरायचे मार्ग गावागणिक वेगळे असतात. शाळांशी वर्षाचा करार करून आठवड्याचे ठरलेले दोन तास त्यांना द्यावेत. शाळा रक्कम एकत्र भरते, पावत्यांचा व्याप वाचतो आणि जून ते मार्च जमा येत राहते. सकाळी दहा ते साडेअकरा महिलांसाठी स्वतंत्र बॅच ठेवली आणि तिथे प्रशिक्षक व जीवरक्षक दोन्ही महिला असतील याची काळजी घेतली, तर ती भरते, असा माझा अनुभव आहे. मात्र कनातीचा पडदा आणि कपडे बदलण्याच्या खोलीच्या दाराची कडी या दोन गोष्टी आधी नीट कराव्या लागतात. त्या न करता ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ असे शेरे मी नस्तीत वाचले आहेत. गुडघेदुखीचे ज्येष्ठ नागरिक कमी खोलीच्या भागात पाण्यात चालण्याचा व्यायाम करतात. त्यांना उन्हाआधीची वेळ हवी असते आणि ते पावसाळ्यातही येतात. मैदानावर पहाटे पोलीस भरतीची मुले १६०० मीटर धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव करतात. त्यांच्याकडून पैसे घ्यावेत असे मी कधीच सुचवणार नाही, पण त्यांच्यापैकी अनेक जण पुढे अभ्यासिकेत मासिक फी भरून बसतात, हे लक्षात घेऊन अभ्यासिका पहाटेपासून उघडी ठेवावी.

फी दुप्पट करण्याचा प्रस्ताव मला घाईचा वाटतो, आणि त्याचे कारण शुद्ध अंकगणिताचे आहे. फी दुप्पट केल्यावर निम्म्याहून अधिक लोक गळाले तर जमा पूर्वीपेक्षा कमी होते. खर्च मात्र माणसांवर अवलंबून नसल्यामुळे जागचा हलत नाही. आणि गळतात ती शिकायला येणारी मुले, ज्यांच्यासाठी हा तलाव बांधला होता. एका नगरपरिषदेत मी हे जवळून पाहिले. कित्येक वर्षे कोणी फीला हात लावला नव्हता, मग लेखापरीक्षणाचा आक्षेप आल्यावर ती एकदम तिप्पट केली गेली. मोर्चा आला आणि महिनाभरात जुना दर परत आला. पुढे निवडणूक होईपर्यंत त्या विषयाचे नाव काढायची कोणाची छाती झाली नाही. त्यापेक्षा एकाच ठरावात दरवर्षी पाच टक्के वाढ नमूद करावी, म्हणजे तो विषय प्रत्येक वर्षी सभेपुढे येत नाही. संध्याकाळी सहा ते आठ या मागणीच्या वेळेचा दर चढा आणि दुपारचा कमी ठेवावा. मासिक पासपेक्षा वार्षिक पास बराच स्वस्त करावा, कारण वार्षिक पासवाला पावसाळ्याचेही पैसे आधीच भरून मोकळा होतो. सवलत द्यायची असेल तर ती माणसाला द्यावी, उदाहरणार्थ पिवळ्या शिधापत्रिकेवर. सगळ्यांचाच दर कमी ठेवून दिलेली सवलत मुख्यतः मोटारीतून येणाऱ्यांच्या पदरात पडते.

एक नाजूक विषय टाळून चालणार नाही, तो म्हणजे मानद पासांचा. आजी-माजी पदाधिकारी, त्यांचे पाहुणे, अधिकाऱ्यांची मुले, पत्रकार, आणि ‘साहेबांच्या ओळखीचे’ म्हणून येणारे सगळे. हे पास बंद करा असे मी म्हणत नाही, कारण ते होत नाही. प्रत्येक मोफत पासाची पूर्ण दराने पावती फाडावी आणि ती रक्कम ‘सवलत’ या शीर्षात खर्ची टाकावी. वर्षाअखेरीस तो आकडा सभेपुढे वाचला गेला की पुढच्या वर्षी अर्ज आपोआप कमी होतात. मैदान लग्नाला किंवा सभेला देण्याचेही तसेच आहे. एका रात्रीचे भाडे मोठे दिसते, पण मांडवाच्या खांबांचे खड्डे, टँकरच्या चाकोऱ्या आणि त्यानंतरचे पंधरा दिवस बंद राहिलेला सराव यांची किंमत त्या भाड्यात कधीच धरलेली नसते.

पैसा आणायचा कुठून, याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. पालिकांना मिळणारे बहुतेक अनुदान भांडवली कामांसाठी असते, चालू खर्चासाठी नसते. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतूनसुद्धा पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता, म्हणजे जीवरक्षकाचे मानधन त्यातून निघत नव्हते. म्हणून भांडवली पैसा अशाच कामावर घालावा की ज्यामुळे चालू खर्च कायमचा कमी होईल: टाकीची गळती दुरुस्ती, व्हीएफडी, एलईडी दिवे, हॉलच्या छतावर सौर पॅनल. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते आणि त्याला दहा चौरस मीटरच्या आसपास जागा लागते. वीस किलोवॅट बसवले तर वर काढलेला पंपाचा दिवसाचा खर्च बराचसा भागतो. याउलट अनेक ठिकाणी हाच पैसा नव्या प्रवेशद्वाराच्या कमानीवर आणि कारंज्यावर जातो, आणि कारंज्याला पुन्हा एक पंप लागतो.

आता तीस वर्षांच्या कराराबद्दल. नगरपरिषदेच्या स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणावर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ९२ चे निर्बंध आहेत आणि एवढ्या दीर्घ मुदतीला शासनाची मंजुरी लागते, हे मुख्याधिकारी आपल्याला सांगतीलच. मला काळजी वेगळीच आहे. निविदेत सर्वाधिक रक्कम देऊ करणारा ठेकेदार हिशेब करूनच येतो. व्यायामशाळा, हॉल आणि उपाहारगृह कमावतात, तलाव खातो, हे त्याला आपल्याआधी कळलेले असते. पहिल्या वर्षी सगळे नीट चालते, दुसऱ्या वर्षी तलाव ‘दुरुस्तीसाठी’ बंद होतो, आणि करारात तलाव किती तास चालू असला पाहिजे हे लिहिलेलेच नसल्यामुळे पालिकेला नोटिशीपलीकडे काही करता येत नाही. खासगी चालकाला माझा विरोध नाही. पण करार मालमत्ता भाड्याने देण्याचा नसावा, चालवण्याचा असावा; मुदत तीन ते पाच वर्षांची असावी; चारही विभाग एकत्र द्यावेत; तलावाचे किमान तास, सवलतीच्या बॅच, फीची कमाल मर्यादा, जीवरक्षकांची संख्या आणि पाण्याच्या रोजच्या नोंदी करारात असाव्यात; आणि बंद राहिलेल्या प्रत्येक तासामागे ठरलेली रक्कम देयकातून आपोआप कापली जावी. वीजबिल कोण भरणार, हे एका वाक्यात आणि संदिग्धता न ठेवता लिहावे. ते चालकाकडे असेल तर रात्री पंप बंद ठेवून बचत करण्याचा मोह त्याला होणार, म्हणून पाण्याची तपासणी पालिकेने स्वतःकडेच ठेवावी.

मधला एक मार्ग न्यासाचा आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आणि मुलुंडचे प्रियदर्शिनी क्रीडा संकुल चालवण्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान ठेवले आहे, आणि लंडनच्या ग्रिनिच भागात १९९३ मध्ये पालिकेची केंद्रे कर्मचाऱ्यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेकडे गेली, जी आज तिथल्या मोठ्या चालकांपैकी एक आहे. या रचनेत हिशेब वेगळा राहतो, जमा झालेली फी पालिकेच्या सर्वसाधारण निधीत न जाता त्याच संकुलात खर्च होते, आणि पन्नास रुपयांच्या झडपेसाठी तीन टेबलांवरून नस्ती फिरत नाही. एका तलावाच्या गावाला मात्र एवढा डोलारा परवडत नाही. तिथे संकुलाचे स्वतंत्र बँक खाते, व्यवस्थापकाला ठरावीक मर्यादेपर्यंत खरेदीचा अधिकार आणि जमेच्या दहा टक्के रक्कम वाळू, मोटर व फरशीच्या बदलासाठी अनिवार्यपणे बाजूला ठेवण्याचा ठराव, एवढ्यावर बरेच साधते.

राहिला तलाव बंद करण्याचा प्रस्ताव. बंद तलाव फुकट पडून राहत नाही. भरलेला ठेवला तर डासांची पैदास होते आणि आपल्याच आरोग्य विभागाला तिथे औषध फवारावे लागते. रिकामा ठेवला तर उन्हाने फरशी सुटते आणि पावसाळ्यात भूजल चढले की खालून येणाऱ्या दाबाने रिकामी टाकी उचलली जाऊन तडकते. दोन पावसाळे रिकामी राहिलेली टाकी पुन्हा सुरू करण्याचा खर्च मी एकदा काढला होता. तेवढ्या पैशांत ती टाकी दोन्ही वर्षे चालवता आली असती. पहारेकरी आणि विजेचा स्थिर आकार हे तर चालूच राहतात. बंद करायचाच झाला, तर बंद ठेवण्याचा खर्चही प्रस्तावात लिहिला जावा.

अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येईल. तोपर्यंत बादलीची चाचणी, बारा महिन्यांची वीजबिले, सहा आठवड्यांची बॅचनिहाय नोंदवही आणि चार रकान्यांचा जमाखर्च एवढे हाती येऊ शकते. गळती थांबवून आणि तास भरून झाल्यावर जी तूट उरेल, ती ‘जलतरण प्रशिक्षण व आरोग्य सवलत’ अशा स्वतंत्र शीर्षाखाली उघडपणे मंजूर करून घ्यावी, म्हणजे पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेपाला उत्तर देताना सभेचा ठराव दाखवता येतो. हे कागद जोडलेले नसतील, तर तिन्ही प्रस्ताव तहकूब ठेवण्याची सूचना आपण स्वतःच मांडावी.